वळीव दुपारी येतो, तयारी सकाळी उरकायची
मे महिन्यात पुण्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस’ असं आलं की सकाळचं कडक ऊन बघून निर्धास्त राहू नका. वळीव उन्हावरच पोसतो. जमीन तापते, हवा वर चढते, त्यात बाष्प असलं की दुपारी ढग उभे राहतात आणि बहुधा तीन-चारनंतर कोसळतात. हवामान खात्याच्या लेखी तुरळक म्हणजे फार तर पाव भागात पाऊस. कात्रजला गटारं तुंबतील आणि औंधला धूळही बसणार नाही. म्हणून सकाळचा अंदाज दिवस आखण्यापुरता. बाहेर पडताना खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज बघा. पिवळा इशारा असेल तर लक्ष ठेवा, नारिंगी असेल तर लांबची कामं उद्यावर टाका.

पहिली फेरी गच्चीवर. साबुदाण्याच्या पापड्यांना आज सुट्टी. उडदाचे पापड लाटायला हरकत नाही, ते सावलीतच वाळवायचे असतात. पंचाईत कुरडयांची. गहू तीन दिवस आधी भिजत घातलेले, चीक काही थांबत नाही. मग कुरडया खाटेवर घाला. आभाळ भरून आलं की दोघांनी खाट उचलून आत न्यायची आणि पंखा लावायचा. ओल्या कुरडया एकेक सोडवायला गेलात तर हातात लगदा येतो. वर आहातच तर पाणी जायच्या पाइपाच्या तोंडाशी साचलेला पाला काढा, कठड्यावरच्या कुंड्या खाली घ्या.

गाडी गुलमोहराखाली लावू नका, होर्डिंगखाली तर नाहीच. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग अशाच वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ जण गेले. दुचाकीवाल्यांनी पहिल्या सरीची दहा मिनिटं आडोशाला काढावीत, रस्त्यावरचं तेल तेव्हाच निसरडं होतं. लाइट जाणार हे गृहीत धरा: टाकी भरलेली, फोन चार्ज केलेला, टीव्हीचा प्लग काढलेला.

विजेसाठी फोनमध्ये ‘दामिनी’ अ‍ॅप असू द्या. ते पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आहे. नसेल तर लखलखाट दिसताच आकडे मोजा. आवाजाला किलोमीटरभर यायला तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत शिरा. झाडाचा आडोसा अजिबात नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, मग बाहेर या.

गावाकडे कांदा काढून रानात पडला असेल तर सकाळीच फोन करा. ताडपत्री टाका, कडेने माती लावा, जनावरं झाडाखालून सोडून गोठ्यात घ्या. उघडीप मिळताच ताडपत्री काढायला मात्र विसरू नका, नाहीतर कांदा आतल्या आत घामेजून सडतो.