पडलेला ड्रोन दुरुस्त करावा की बदलावा, हे कसे ठरवावे

ड्रोन झाडाला धडकून खाली आला की पहिला मोह होतो तो लगेच पुन्हा चालू करून बघण्याचा. तो आवरावा. आघाताने एखादी वायर उघडी पडली असेल किंवा मोटर अडकली असेल, तर वीज मिळताच आतला सर्किट बोर्ड जळू शकतो आणि ज्या ड्रोनचे केवळ एक हात (म्हणजे मोटर धरणारी बाजूची दांडी) बदलून भागले असते त्याचा मुख्य बोर्डच बदलावा लागतो. म्हणून ड्रोन हाती लागताच सर्वांत आधी बॅटरी काढावी. ड्रोन नजरेआड पडला असेल, तर डीजेआय या ड्रोन कंपनीच्या डीजेआय फ्लाय ॲपमधील ‘फाइंड माय ड्रोन’ ही सोय शेवटचे नोंदलेले ठिकाण नकाशावर दाखवते आणि संपर्क टिकून असल्यास ड्रोनला आवाज करायला लावते. त्याच ॲपमध्ये साठलेली उड्डाणाची नोंद पुसू नये, कारण दोष यंत्राचा होता की चालवणाऱ्याचा हे वॉरंटीच्या दाव्यात प्रामुख्याने तिच्यावरूनच ठरवले जाते. अपघातात कोणाला इजा झाली असेल, तर ड्रोन नियम, २०२१ नुसार ४८ तासांच्या आत डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन मंचावर त्याची माहिती द्यावी लागते.

आधी बॅटरी

बॅटरी सपाट फरशीवर ठेवून बोटाने हलकेच दाबावी. ती डुगडुगली, तिचे कवच फाकलेले दिसले किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला, तर ती बाद समजावी. लिथियम बॅटरीच्या आतले पातळ थर दाबले गेले असतील, तर आग लगेच न लागता काही तासांनीही लागू शकते. म्हणून धक्का बसलेली बॅटरी निदान एक दिवस घराबाहेर, कोरड्या वाळूने भरलेल्या कुंडीत ठेवावी आणि तोवर ती चार्ज करू नये. बाद झालेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रावर द्यावी. ड्रोन दुरुस्तीला पाठवताना अशी बॅटरी त्यासोबत पाठवू नये, कारण खराब लिथियम बॅटरी विमानाने नेण्यास मनाई आहे.

नुकसान नीट पाहणे

यासाठी भरपूर उजेड, एक भिंग आणि अर्धा तास पुरतो. प्रत्येक मोटर बोटाने सावकाश फिरवावी. ती सहज फिरून चुंबकांच्या मऊ टप्प्यांनी थांबत गेली तर ठीक, पण कुठे खरखर जाणवली तर आत माती गेली आहे किंवा शाफ्ट वाकला आहे. हातांची तपासणी बिजागरीपाशी करावी. माझा ड्रोन एकदा आंब्याच्या फांदीला लागून पडला, तेव्हा वरून ओरखडासुद्धा दिसत नव्हता. मात्र पुढचा डावा हात किंचित वाकवून टॉर्चचा उजेड तिरपा टाकला, तेव्हा बिजागरीच्या मुळाशी केसाएवढी भेग उघडली आणि हात सोडताच मिटली. तसाच उडवला असता तर तो हवेत दुमडला असता.

कॅमेरा धरणारा गिंबल हा सर्वांत नाजूक भाग. बंद ड्रोनमध्ये तो बोटाने हलवला असता तिन्ही दिशांना अडथळ्याविना फिरायला हवा. त्यातून जाणारी कागदासारखी पातळ रिबन केबल फाटली असेल, तर चित्र येत नाही किंवा गिंबल मान टाकतो. रबरी आधार निसटले असतील तर ते चिमट्याने परत बसवता येतात.

आकडेमोड

भारतात हा निर्णय इतर देशांपेक्षा वेगळा ठरतो. परकीय व्यापार महासंचालनालयाने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरते अपवाद ठेवले, पण सुटे भाग खुले राहिले. त्यामुळे हौशी वापराचा नवा परदेशी ड्रोन रीतसर मिळणे अवघड आणि त्याचे भाग मिळणे त्या मानाने सोपे, अशी स्थिती आहे. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जसारख्या कंपन्या ड्रोन बनवतात, पण ते मुख्यतः संरक्षण आणि सर्वेक्षणासाठी असतात. म्हणून माझे मत दुरुस्तीकडे झुकते. पंखे, हात, कवच किंवा रिबन केबल गेली असेल तर दुरुस्तीच करावी. गिंबल-कॅमेरा आणि मुख्य बोर्ड दोन्ही गेले असतील आणि भाग व मजुरी मिळून खर्च त्याच मॉडेलच्या चांगल्या वापरलेल्या ड्रोनच्या निम्म्यावर जात असेल, तर दुरुस्ती करू नये.

खाऱ्या पाण्यात पडलेला ड्रोन हे वेगळे प्रकरण आहे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर असे झाले तर बॅटरी काढून बोर्ड आधी डिस्टिल्ड पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा. तांदळात पुरून ठेवल्याने मीठ जात नाही. धुऊन तो चालू झाला, तरी तो माणसांवरून किंवा पाण्यावरून उडवू नये, कारण गंज आतून वाढत राहतो.

प्रत्यक्ष दुरुस्ती

पंखे घरी बदलता येतात. डीजेआय मिनी २ मध्ये प्रत्येक मोटरला दोन पाती असतात. एकच पाते मोडले असले तरी दोन्ही बदलावीत, खूण असलेली पाती खूण असलेल्याच हातावर लावावीत आणि जुने स्क्रू पुन्हा न वापरता सोबत आलेले नवे वापरावेत. हात बदलणे हे सोल्डरिंगचे काम आहे, कारण मोटरच्या तीन वायरी बोर्डाला जोडाव्या लागतात. पुढच्या पायांत अँटेनाही असल्याने तिथे घाई करू नये. सोल्डरिंगचा सराव नसेल तर हे काम जाणकाराकडे द्यावे. साहित्य मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत शोधावे. भाग घेताना वजनाकडे लक्ष द्यावे: मिनी २ चे वजन २४९ ग्रॅमपेक्षा कमी असते आणि ड्रोन नियमांतील नॅनो या सर्वांत हलक्या वर्गाची मर्यादा २५० ग्रॅम आहे, म्हणून जड कवच किंवा पंख्यांचे कुंपण लावताच ड्रोन मायक्रो वर्गात जातो आणि त्याचे नियम लागू होतात.

बदलायचा असेल तर

वापरलेला ड्रोन घेताना तो आधीच्या मालकाच्या खात्यातून आपल्या डोळ्यांदेखत काढून घ्यावा. नंतर तो माणूस सापडेलच असे नाही. परदेशात राहणाऱ्यांनी डीजेआय केअर रिफ्रेशसारखी योजना घेतली असेल, तर आधी तिच्या अटी वाचाव्यात, कारण ठरावीक शुल्क भरून बदली ड्रोन मिळतो, पण साधारणपणे तुटलेला ड्रोन परत द्यावा लागतो. मोडका ड्रोन स्वतःकडेच राहणार असेल तर तो भागांसाठी जपावा, आणि त्याची नोंदणी झालेली असेल तर ती रद्द करण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे अर्ज करावा.

पुन्हा उडवताना

आयएमयूचे (ड्रोनचा कल आणि हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचे) कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप पुन्हा जुळवणे, सपाट टेबलावर करावे. होकायंत्राचे मात्र गच्चीवर करू नये, कारण स्लॅबमधील लोखंडी सळया त्याला फसवतात. त्यासाठी मोकळे मैदान गाठावे. नंतर वारा नसताना, जवळ कोणी उभे नसताना, ड्रोन छातीएवढ्या उंचीवर दोन मिनिटे स्थिर ठेवावा. तो एका बाजूला सरकत असेल किंवा चित्र थरथरत असेल तर उतरवावा. उतरवून बॅटरी काढल्यावर चारही मोटरींना एकामागून एक बोट लावून पाहावे: एखादी इतरांपेक्षा जास्त गरम लागली, तर तिचा शाफ्ट किंवा पंखा पुन्हा तपासावा.