लोरा मेशची रेंज वाढवायची? नोड गच्चीवर न्या

मेश्टॅस्टिक म्हणजे मोबाइल नेटवर्कशिवाय, लोरा या कमी शक्तीच्या पण लांब पल्ल्याच्या रेडिओवरून मेसेज एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पोचवणारं जाळं (मेश); त्यातलं एकेक छोटं रेडिओ यंत्र म्हणजे नोड. हा नोड खिडकीत ठेवून रेंज येत नाही म्हणणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं एकच: उंची वाढवा. लोराला दोन अँटेनांमधली मोकळी नजर लागते, भिंती आणि स्लॅब तिचा जीव घेतात. आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या दुसऱ्या मजल्यावरून दोन गल्ल्यांपलीकडे मेसेज जाईना. तोच नोड गच्चीवर पीव्हीसी पाइपला बांधला, पाण्याच्या टाकीपासून जरा लांब, आणि पांडवलेणीच्या पायऱ्यांवरून मित्राचं उत्तर लगेच आलं.

नोडच वर न्या, खालून अँटेनापर्यंत लांब केबल ओढू नका. 3 डेसिबल गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली, आणि बारीक कोअॅक्स (अँटेनाची) केबल तेवढी काही मीटरांतच खाते. वर सोलर पॅनल लावलं की चार्जिंगची कटकट मिटते.

अँटेना घेताना बँड, म्हणजे ती कोणत्या फ्रीक्वेन्सीसाठी आहे ते, नीट बघा. आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्‌झ चालतं, त्यामुळे अॅपमध्ये रीजन ‘भारत’ ठेवा. 433 ची अँटेना इथे कामाची नाही. या बँडवर पाव तरंगलांबीची अँटेना साधारण 8.6 सेंटीमीटर लांब येते. दोन्ही टोकांच्या अँटेना उभ्याच हव्यात, एक आडवी पडली की सिग्नल चांगलाच घसरतो.

आणि अँटेना जोडल्याशिवाय नोड कधीच चालू करू नका, रेडिओची चिप जळू शकते.

पावसाळ्याआधी कनेक्टरवर रबरी सेल्फ-फ्यूजिंग टेप घट्ट गुंडाळा. आत पाणी शिरलं की रेंज हळूहळू घटत जाते आणि कारण लवकर सापडत नाही.