हार्ट फेल्युअरचे पेशंट सांभाळताना: नव्या सिस्टरसाठी

इंदूरला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून मी कार्डियाक वॉर्डात लागले, त्याला आता ११ वर्षं झाली. यंदा आमच्याकडे नव्या मुली आल्यात. त्यातल्या दोघी मराठी घरांतल्या, एक लोकमान्यनगरची, एक राजेंद्रनगरची. चहाच्या वेळी त्यांना जे थोडं थोडं सांगते, तेच इथे लिहिते आहे.

पहिली अडचण येते ती शब्दाची. आपल्याकडे "हार्ट फेल झालं" म्हणजे माणूस गेला. हिंदीतही तसंच. त्यामुळे फाइलवर हार्ट फेल्युअर वाचलं की नातेवाइकांचा धीर सुटतो, आणि मग आपण सांगतो त्यातलं काहीच त्यांच्या डोक्यात शिरत नाही. मी आधी हेच सांगते की हृदय बंद पडलेलं नाही, पंप अशक्त झालाय. पुढे जोर कमी पडतो म्हणून पाणी मागे तुंबतं, फुप्फुसांत, पायांत, पोटात. इंदूरच्या माणसाला हे लगेच पटतं. नर्मदेचं पाणी वरच्या टाकीत चढवायला घरोघरी मोटर असते, ती दमली की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. पेशंट क्वचितच "धाप लागते" म्हणतो. "सिस्टर, घबराहट हो री है" म्हणतो, नाहीतर "गॅस चढला" म्हणतो. नवी मुलगी गॅसची गोळी विचारायला पळते. तसं करू नका. त्यांना विचारा, किती उशा लागतात? आडवं पडल्यावर खोकला येतो का? रात्री झोपेतून उठून बसावं लागतं का? "परवापर्यंत एक उशी होती, आता तीन" असं कोणी म्हणालं तर डॉक्टरांना तेव्हाच कळवा. पायांची सूज सगळे बघतात. पण अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची सूज कमरेखाली, माकडहाडाजवळ उतरते. कुशीवर वळवून तिथे बोटाने दाबून बघा.

आता वजनाचं. यात माझ्या हातून चूक झाली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. नोकरीचं पहिलंच वर्ष, रात्रपाळीला आम्ही दोघी आणि वॉर्ड भरलेला. वजनकाट्याची बॅटरी उतरली होती. एका आजोबांचं आदल्या दिवशीचं ६४ किलो मी तसंच खाली उतरवलं. दुसऱ्या दिवशीच्या सिस्टरनेही तेच केलं. तिसऱ्या पहाटे आजोबा पाय खाली सोडून, पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेले दिसले. ओठ निळसर, तोंडाला गुलाबी फेस. ऑक्सिजन, लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध), धावपळ... वाचले ते. दोन लिटर लघवी झाल्यावर वजन केलं, तरी ६५ भरलं. म्हणजे तीन किलो पाणी अंगात साठत होतं आणि चार्टवर आकडा हललाच नव्हता. ती पहाट मी विसरलेले नाही. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन करा. करता आलं नाही तर "वजन केले नाही" असं स्पष्ट लिहा.

पाण्याचा हिशोब त्याहून अवघड. बऱ्याच पेशंटना दिवसाला दीड लिटरची मर्यादा असते, पण भेटायला आलेली माणसं प्रेमाने नारळपाणी पाजतात, चहा देतात, आणि ते कुठेच लिहिलं जात नाही. बायका संकोचाने भांडं मागत नाहीत, गुपचूप बाथरूमला जाऊन येतात. त्यांना रागावून उपयोग नसतो. पडदा ओढा, भांडं हाताशी ठेवा, आणि लघवी मोजणं हा औषधाचाच भाग आहे हे सांगा.

लॅसिक्सचं इंजेक्शन सावकाश द्या. घाईने ढकललं तर कानांवर परिणाम होऊ शकतो. आधी बीपी आणि पोटॅशियमचा रिपोर्ट बघा. दुसरा डोस असेल तर दुपारी चारच्या आसपास द्या, म्हणजे म्हातारी माणसं रात्री अंधारात उठून पडत नाहीत. डिगॉक्सिन या हृदयाच्या गोळीआधी ठोके पूर्ण एक मिनिट मोजा. ६० च्या खाली असले तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा.

खरी परीक्षा मात्र डिस्चार्जच्या वेळी. बिलाच्या गडबडीत समजावून सांगायला पाच मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात अख्खं इंदूरचं खाणं आपल्यासमोर उभं असतं. "मी मीठ वरून घेतच नाही" म्हणणारे काका सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला घालून खातात. त्यात मीठ असतं हे त्यांच्या गावीही नसतं. सैंधव उपासाला चालतं, या आजारात तेही मीठच. कमी सोडियमचं मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. त्यात पोटॅशियम असतं, आणि या आजाराच्या काही गोळ्यांनी ते आधीच वाढलेलं असू शकतं. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक शरीरात पाणी धरून ठेवते. लग्नाला जायचं म्हणून लघवीची गोळी बंद करणारेही खूप. त्यांना "बंद करू नका" एवढंच सांगून भागत नाही, त्या दिवशी गोळी किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांना विचारून लिहून द्यावं लागतं.

आणि हे सगळं पेशंटला नाही, स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सांगा. मी सूनबाईंना बोलावून घेते. कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहिता ना, त्याच चौकोनात रोजचं वजन लिहा, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न बघता फोन करा, असं सांगते.

मागच्या महिन्यात रामबागेतल्या एक आजी ओपीडीत कालनिर्णयचं पान घडी घालून घेऊन आल्या. दुधाच्या लिटरशेजारी बॉलपेनने ५८.५, ५८.५, ५९.५, मग ६०.५ भोवती गोल. त्याखाली सूनबाईंच्या बारीक अक्षरात "फोन केला, गोळी वाढवली". पुढच्या चौकोनांत ५९.५, ५९, ५८.५.