एक फाइल, सहा संगणक: सोमवारी सुरू करण्याआधीची तयारी

पाच-सहा संगणकांचे ऑफिस, मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेसमध्ये तयार केलेला ग्राहकांचा नाहीतर पावत्यांचा डेटाबेस, आणि आता तो सगळ्यांनी मिळून वापरायचा आहे. अशा वेळी बहुतेक जण फाइल एका शेअर फोल्डरमध्ये टाकतात, प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट देतात आणि कामाला लागतात. दोन-चार महिने ठीक जातात. मग एक दिवस फाइल उघडतच नाही. ही तयारी तो दिवस येण्याआधी, ऑफिस रिकामे असताना शनिवारी करावी.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे आपोआप पटेल. एसक्यूएल सर्व्हरसारख्या व्यवस्थेत मध्ये एक रोखपाल बसलेला असतो. तुम्ही चिठ्ठी देता, तिजोरी तो उघडतो. अ‍ॅक्सेसमध्ये रोखपाल नाही. सहाही संगणक नेटवर्कवरून थेट तिजोरीत हात घालतात आणि 4 किलोबाइटची एकेक पाने लिहितात. एखादे पान अर्धे लिहून झाले आणि नेमकी तेव्हाच केबल निसटली, तर ते अर्धवट पान पुसून काढायला तिथे कोणी नसते. आपली सगळी धडपड त्या लिहिण्याच्या क्षणी तार तुटू नये यासाठी आहे.

पहिले काम, फाइलचे दोन भाग करणे. ‘डेटाबेस टूल्स’मध्ये त्यासाठी विझार्ड आहे. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवूनच तो चालवा. टेबलांची फाइल शेअर फोल्डरमध्ये जाईल. फॉर्म, रिपोर्ट आणि क्वेरींची फाइल मात्र प्रत्येक संगणकावर स्वतंत्र द्यायची. ही दुसरी फाइलही शेअरवर ठेवून सगळ्यांनी तीच उघडायची, असे अनेक ठिकाणी चालते. त्यात विभागणीचा अर्धा फायदा वाया जातो. टेबले जोडताना झेड ड्राइव्ह, वाय ड्राइव्ह असल्या अक्षरांवर विसंबू नका, ती प्रत्येक संगणकावर वेगळी असू शकतात. संगणकाच्या नावाने सुरू होणारा पूर्ण पत्ता द्या. शिवाय प्रत्येकाच्या फाइलमध्ये एखाद्या छोट्या टेबलाला जोडलेला फॉर्म सुरुवातीलाच लपवून उघडा ठेवा. त्यामुळे जोडणी सारखी तुटत-जुळत नाही आणि वेगातला फरक जाणवतो.

आता नेटवर्क. इथे मी हट्टी आहे: या डेटाबेसला वाय-फाय चालणार नाही, सिग्नलच्या पाचही कांड्या भरलेल्या दिसत असल्या तरी. वाय-फाय क्षणभर सुटते, पुन्हा जुळते आणि ब्राउझरमध्ये ते कळतही नाही. अ‍ॅक्सेसला मात्र तेवढा क्षण पुरतो. एका ऑफिसात लॅपटॉपवर नोंद सुरू असताना तो तसाच उचलून आतल्या खोलीत नेला गेला. दुसऱ्या दिवशी फाइल दुरुस्त झाली खरी, पण त्या आठवड्यातल्या काही नोंदी गेल्या त्या गेल्याच. तिथल्या बाईंनी कागदी पावत्यांवरून त्या पुन्हा भरल्या, दोन दिवस बसून. तेव्हापासून मी लॅपटॉपलाही केबल लावल्याशिवाय डेटाबेस उघडून देत नाही.

म्हणून कॅट 6 केबल आणि गिगाबिट स्विच (सगळ्या केबली एकत्र जोडणारी पेटी) घ्या. स्विचपासून संगणकापर्यंत एक केबल 100 मीटरच्या आत हवी. छोट्या ऑफिसात ही मर्यादा क्वचितच आडवी येते. आडवे येते ते भलतेच: टेबलाच्या पायाखाली दबलेली केबल, खटका तुटल्यामुळे सैल बसणारा कनेक्टर, विजेच्या वायरबरोबर एकाच पट्टीतून ओढलेली केबल. प्रत्येक कनेक्टर हलवून पाहा. सैल वाटला तर नवा क्रिम्प करून घ्या, चिकटपट्टी लावून भागवू नका. मग प्रत्येक संगणकावरून मुख्य संगणकाला, म्हणजे शेअर फोल्डर ज्यावर आहे त्याला, पिंग (जोडणी तपासण्याची आज्ञा) लावून अर्धा तास सोडून द्या. एकही पॅकेट हरवता कामा नये. हरवले तर ती केबल नाहीतर स्विचचे ते पोर्ट बदला आणि पुन्हा अर्धा तास थांबा.

विजेचे पाहताना हमखास एक गोष्ट सुटते. मुख्य संगणकाला यूपीएस असतो, स्विचचा अडॅप्टर मात्र भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. लाइट गेली की संगणक सगळे चालू आणि मधला रस्ताच बंद. स्विचही यूपीएसवर घ्या. नोंदी करणाऱ्या प्रत्येक संगणकाला यूपीएस हवाच, कारण फाइलमध्ये लिहिणारे तेच आहेत. मग मेन स्विच खरोखर बंद करून पाहा, अर्थात तेव्हा डेटाबेस कोणी उघडलेला नसावा. बॅटरी जुनी झाली असेल तर ती याच वेळी कळू दे.

मुख्य संगणकावर स्लीप आणि हायबरनेट बंद करा. सगळ्या संगणकांवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून टाका, ती खूण बहुधा आधीपासून केलेली असते. शेअर फोल्डरवर सगळ्यांना वाचण्या-लिहिण्याबरोबर फाइल तयार करण्याची आणि पुसण्याचीही परवानगी हवी. डेटाबेस उघडताना शेजारी लॉकची छोटी फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. विंडोज 10 च्या 2018 मधल्या एका अपडेटनंतर फाइल ‘इनकन्सिस्टंट स्टेट’मध्ये असल्याचे संदेश अनेकांना येऊ लागले होते. तोच संदेश तुमच्याकडे वारंवार येत असेल, तर फाइल शेअरिंगमधले ‘लीझिंग’ (बाकीच्या संगणकांना फाइलचा भाग तात्पुरता स्वतःकडे साठवू देण्याची सोय) मुख्य संगणकावर बंद करावे लागते. हे जाणकाराकडूनच करून घ्या, आणि त्याचे कारण वहीत लिहून ठेवा.

टेबलांची फाइल वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. तिथे दोघांच्या दोन प्रती होतात आणि खरी कोणती ते कोणीच सांगू शकत नाही. घरून काम करायचे असेल तर रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या संगणकावर या, म्हणजे फाइलमध्ये लिहिणारा संगणक ऑफिसातच राहतो.

बॅकअप रोज संध्याकाळी, सगळे बाहेर पडल्यावर. लॉकची फाइल नाहीशी झालेली दिसली की मगच कॉपी घ्या, नावात तारीख टाका, निदान तीस दिवसांच्या प्रती राखा. आठवड्यातून एक प्रत ऑफिसबाहेर गेली पाहिजे. फाइल आवळून दुरुस्त करणारे ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ बॅकअपनंतर चालवायचे, आधी कधीच नाही. फाइलचा आकारही वहीत टिपत जा: मर्यादा 2 जीबीची आहे, आणि फाइल दीड जीबीच्या पुढे गेली की एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसकडे जायची बोलणी सुरू करा. ते फुकट मिळते आणि तिथे रोखपाल असतो.

शनिवारचे शेवटचे काम थोडे वेळखाऊ आहे, तरी ते टाळू नका. शुक्रवारची बॅकअप प्रत दुसऱ्याच एका संगणकावर उघडा, शेवटच्या दहा पावत्या कागदाशी ताडून पाहा, एक रिपोर्ट छापा. हे सगळे तुम्ही न करता, सोमवारी सकाळी सगळ्यात आधी येणाऱ्या माणसाच्या हातून करून घ्या. त्याला कुठे अडखळायला झाले ते तिथल्या तिथे त्याच वहीत लिहा आणि वही मुख्य संगणकाशेजारी ठेवून द्या.