कयाकसाठी लँडिंग नेट घेताना या चुका टाळा

कयाकसाठी (वल्ह्याने चालवायची अरुंद, लहान नाव) नेट (गळाला लागलेला मासा पाण्यातून उचलायचे दांड्याचे जाळे) घ्यायला निघालेला माणूस आधी माशाच्या आकाराचा विचार करतो. माझ्या मते त्याने आधी स्वतःच्या बसण्याचा विचार करावा. कोकणातल्या खाडीत जिताड्यासाठी किंवा तांबोशीसाठी गरवायला गेलेला माणूस कयाकवर पाण्याच्या अगदी लगत बसलेला असतो, एका हातात वाकलेला रॉड असतो आणि नेट चालवायला एकच हात उरतो. होडीवर किंवा जेटीवर कामाला येणारे लांब दांड्याचे, रुंद तोंडाचे नेट त्या एका हाताला पेलत नाही. दांडा 60 ते 75 सेंटीमीटर आणि तोंड 45 ते 50 सेंटीमीटर, यापलीकडे मी जात नाही. दुकानात उभ्याने नेट हलवून पाहणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की जमिनीवर पाय पसरून बसा, डाव्या हाताने नेट उचला आणि मगच पैसे द्या.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गाठी मारलेल्या नायलॉनच्या जाळीचे स्वस्त नेट. एका तरुण सोबत्याने वारंवार सांगूनही तेच आणले होते. ओहोटीच्या वेळी कांदळवनाच्या कडेला त्याच्या ल्युअरला, म्हणजे नकली आमिषाला, चांगला जिताडा लागला. ल्युअरला तीन आकड्यांच्या दोन गऱ्या होत्या. पुढची माशाच्या जबड्यात होती, मागची मोकळी. मासा नेटच्या काठापाशी येताच मोकळी गरी जाळीत बाहेरच्या बाजूने अडकली आणि मासा नेटबाहेरच लटकला. माशाने एक झटका दिला, जबड्यातली गरी निसटली आणि ती थेट या मुलाच्या तळहातात रुतली. एक गरी हातात, दुसरी जाळीत आणि कयाक ओहोटीबरोबर कालवांनी भरलेल्या खडकांकडे निघालेले, अशा स्थितीत मी जवळ जाऊन जाळी कापली म्हणून पुढचे टळले.

म्हणून रबराची, बारीक छिद्रांची जाळी घ्यावी. गरी तिच्यात सहसा रुतत नाही आणि रुतलीच तरी पकडीने चटकन सुटते. शिंगाळा माशाचे विषारी काटेही नायलॉनमध्ये जसे गुंततात तसे तिच्यात गुंतत नाहीत. मासा सोडून द्यायचा असेल तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर रबराने कमी खरवडला जातो. जिताडा आधी नर असतो आणि वाढता वाढता मादी होतो, त्यामुळे मोठे जिताडे बहुधा माद्याच असतात. त्यांना धडधाकट परत सोडणे मला अगत्याचे वाटते. रबर जड असते आणि पाण्यात ओढ घेते हे खरे आहे, पण त्यावर उपाय कमी खोलीची झोळी हा आहे, नायलॉन नव्हे.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. मासा दिसला रे दिसला की नवखे लोक नेट घेऊन त्याच्या शेपटीमागे लागतात. शेपटीला जाळी लागली की मासा पुढे उसळतो, आणि त्याला गाठायला वाकलेल्या माणसासकट कयाक कलंडते. मासा दमून कुशीवर येईपर्यंत मी नेट पाण्यात घालत नाही. रॉडच्या लांबीएवढी गळाची दोरी बाहेर ठेवून रॉड खांद्यामागे न्यायचा, नेटचे तोंड पाण्याखाली स्थिर धरायचे आणि माशाला डोक्याकडून आत आणायचे. मग दांडा आडवा धरून उचलायचे नाही, कारण वजनाने तो वाकतो. नेटचा काठच धरून मासा मांडीवर घ्यायचा. जिताड्याच्या कल्ल्यांची झाकणे पात्यासारखी धारदार असतात, तेव्हा नेटमध्ये आल्यावरही तिथे बोटे घालू नयेत.

नेट सीटमागे ठेवू नये. ऐन वेळी मागे वळणे म्हणजे तोल घालवणे. दांडा तरंगणारा नसेल तर त्याला फोम गुंडाळावा. नेटची दोरी कयाकला बांधावी, मनगटाला कधीच नाही, कारण कयाक उलटले तर हात मोकळे हवेत. घडीच्या दांड्याचा मला भरवसा वाटत नाही, कारण खाऱ्या पाण्याने त्याचा खटका अडकून बसतो; तरीही तोच घ्यायचा असेल तर प्रत्येक फेरीनंतर खटका गोड्या पाण्याने धुवून, सावलीत वाळवून, उघडझाप करून पाहावा.