आरतीनंतरचा अर्धा तास: मांडवात विज्ञानाचे व्हिडिओ कसे दाखवावेत

सांगली-साताऱ्याकडे गणपतीत आरती झाली की माणसं थोडा वेळ मांडवात टेकतातच. तेवढ्या वेळात तीनच व्हिडिओ दाखवा, प्रत्येकी तीन-चार मिनिटांचे. सात-आठ ठेवलेत तर चौथ्यापासून पोरांचं लक्ष प्रसादाच्या ताटाकडे.

निवडीची कसोटी एकच: व्हिडिओ मध्येच थांबवून "आता काय होईल?" असं विचारता आलं पाहिजे. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, ते चित्रण यासाठी उत्तम. हात सुटण्याआधी थांबवा, मतं घ्या, मग पुढचं दाखवा. दोन्ही एकाच वेळी खाली पोचतात, कारण तिथे पिसाला अडवायला हवाच नाही. लगेच एक वही आणि तिच्याहून लहान कागद वेगवेगळे सोडा. कागद मागे राहतो. आता कागद वहीवर ठेवून वही आडवी सोडा. दोन्ही बरोबर पडतात, कारण खालची हवा वहीच बाजूला सारते. कागद कडेबाहेर आला की तो उडतो आणि प्रयोग फसतो.

दुसरा विषय कॅमेऱ्याच्या फसवेगिरीचा. छेडलेली तार मोबाइलच्या व्हिडिओत नागमोडी दिसते, ती खरी तशी हलत नसते. फोनचा सेन्सर चित्र एकदम नव्हे, ओळीओळीने टिपतो. पुढची ओळ वाचेपर्यंत तार सरकलेली असते. मिरजेच्या आसपास सतार किंवा तंबोरा सहज मिळेल. खर्जाची तार घ्या आणि मागे आभाळ येईल असं भर उन्हात चित्रण करा. ट्यूबलाइटखाली करू नका: उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि तार नुसती धूसर दिसते. लाटा दिसल्याच नाहीत तर फोन आडव्याचा उभा करून पाहा.

सिनेमाचा व्हिडिओ घरीच बनवा. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेमने टिपली होती. तुम्ही मटकी घ्या. रात्रभर भिजवून ओल्या फडक्यावर पसरा, वर फोन पक्का बसवा आणि चार्जरला लावूनच ठेवा. दर १० मिनिटांनी एक फोटो घेतला तर २४ तासांत १४४ होतात. सेकंदाला २४ या वेगाने ते फक्त ६ सेकंद चालतात. छोटे वाटतात, पण मोड बाहेर येताना पोरं तेच चारदा बघायला मागतात. खिडकी झाकून एकच बल्ब लावा आणि फोकस व एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर चित्र लुकलुकतं. फडकं सुकू देऊ नका, पण पाणी शिंपडताना दाणा हलता कामा नये.

व्हॉट्सॲपच्या गटात येणाऱ्या 'आश्चर्यकारक' व्हिडिओंची छाननी आधी करा. पावसाळ्यात पाणी चढलं की भलत्याच धरणाचं चित्रण कोयनेचं म्हणून फिरतं. दरवाजे मोजा: कोयनेला सहा आहेत, अलमट्टीला सव्वीस. जिथे मोजण्यासारखं काही नसेल तिथे एका फ्रेमचा स्क्रीनशॉट गूगल लेन्सला द्या. जुना असेल तर बहुधा आधीच्या तारखेसह सापडतो. पाट्यांची भाषा आणि गाड्यांच्या नंबरप्लेटही पाहा. खात्री झाली नाही तर तो व्हिडिओ गाळा, "खरंखोटं माहीत नाही" असं लिहून पुढे ढकलू नका.

फाइल मागवताना नेहमी डॉक्युमेंट म्हणून मागवा. व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखी पाठवली तर ती दाबली जाते. फोनवर ठीक दिसणारं चित्र पडद्यावर चौकोन-चौकोन होतं. मांडवातल्या नेटवर भरवसा ठेवू नका, सगळं आधी लॅपटॉपवर घ्या आणि एकदा पूर्ण चालवून पाहा.

पडद्याला पांढरी चादर चालते. मागे काळं कापड लावा, नाहीतर उजेड आरपार जाऊन चित्र फिकं पडतं. खालच्या कडेत बांबू ओवा म्हणजे वाऱ्याने फडफडणार नाही. प्रोजेक्टरच्या पत्रकात थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर ६ फूट रुंद चित्रासाठी ९ फूट अंतर लागतं. पडद्यासमोरची लायटिंगची माळ बंद करा, एवढ्यानेच निम्मा फरक पडतो.

आवाज ब्लूटूथने देऊ नका, तो किंचित उशिरा येतो आणि ओठ-शब्द जुळत नाहीत. वायरने थेट मिक्सरला जोडा. एचडीएमआय लावल्यावर लॅपटॉप आवाज बहुधा प्रोजेक्टरकडे वळवतो, तेव्हा स्पीकर मुका झाला तर मिक्सरवाल्यावर ओरडण्याआधी लॅपटॉपचं आउटपुट बदला.

दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर संपल्यावर लगेच प्लग उपटू नका. बटणाने बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत थांबा. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात प्रोजेक्टर यूपीएसवरच ठेवा.