स्टार लेबलची सक्ती आणि आपली निवड : नाशिककर ग्राहकांसाठी मार्गदर्शन

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ च्या कलम १४ नुसार केंद्र सरकार ठरावीक उपकरणांसाठी वीजवापराची मानके निश्चित करू शकते, त्यांवर वीजवापराचे लेबल सक्तीचे करू शकते आणि मानके न पाळणाऱ्या उपकरणांच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घालू शकते. त्यामुळे नाशिकच्या दुकानात एसी किंवा फ्रीज पाहायला गेलेल्या ग्राहकासमोर जे मांडलेले असते, त्यातून काही पर्याय आधीच वगळले गेलेले असतात. मात्र घरात चालू असलेला जुना पंखा काढून टाका, असे हा कायदा सांगत नाही, आणि किमान मानकाच्या वर किती स्टारचे (जास्त स्टार म्हणजे कमी वीजवापर) उपकरण घ्यावे हेही तो ठरवत नाही. उरलेले हे स्वातंत्र्य मोलाचे आहे आणि ते स्वतःच्या हिशेबाने वापरले पाहिजे.

प्रथम महावितरणचे बिल घेऊन आपला वापर १००, ३०० किंवा ५०० युनिटच्या कोणत्या टप्प्यापर्यंत जातो ते पाहावे. वाचणारे युनिट वरच्या टप्प्यातून कमी होत असल्याने त्याच टप्प्याचा दर धरावा आणि त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा प्रतियुनिट आकार) व वीज शुल्क मिळवावे. स्थिर आकार धरू नये, कारण तो बचतीने घटत नाही.

त्यानंतर उपकरण वर्षातून किती तास चालते ते मांडावे, आणि खरा फरक इथेच पडतो. एसीच्या लेबलवरील वार्षिक युनिट वर्षाला १६०० तासांचा वापर गृहीत धरून काढलेले असतात. नाशिकमध्ये अनेक घरांत एसी मार्चअखेरपासून पाऊस सुरू होईपर्यंतच, तोही रात्रीपुरता चालतो. समजा, तीन स्टार आणि पाच स्टार यंत्रांच्या लेबलमध्ये २५० युनिटचा फरक आहे आणि आपला वापर ४०० तासांचा आहे, तर प्रत्यक्ष बचत साधारण ६२ युनिटच होईल. किमतीतील फरक एवढ्या बचतीतून किती वर्षांत भरून निघतो, हे पाहूनच निर्णय घ्यावा. फ्रीज मात्र अखंड चालतो, म्हणून तिथे जास्त स्टारसाठी अधिक पैसे मोजणे सहसा योग्य ठरते.

पंख्याच्या बाबतीत साधा पंखा सुमारे ७५ वॅट आणि बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅट घेतो. रोज दहा तास चालणाऱ्या बैठकीच्या खोलीतल्या पंख्यावर महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. देवघरात तासभर फिरणाऱ्या पंख्यावर दीड युनिटही वाचत नाही. साठवणीच्या गीझरचे स्टार तापलेल्या पाण्याची उष्णता किती कमी वाया जाते यावर दिले जातात. त्यामुळे नाशिकच्या कडाक्याच्या थंडीतही जे अंघोळीपूर्वी गीझर लावून लगेच बंद करतात, त्यांना त्या स्टारचा लाभ थोडाच मिळतो. लेबलवरील कालावधी मात्र अवश्य वाचावा, कारण मानके वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या लेबलचे पाच स्टार नव्या कोष्टकात कमी भरू शकतात.

लेबलची सक्ती मला न्याय्य वाटते, कारण ती ग्राहकाच्या हाती माहिती देते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या एसींमध्ये २४ अंश हे आरंभीचे तापमान ठेवणे बंधनकारक झाले. तोही नियम मला मान्य आहे, कारण रिमोट आपल्याच हातात राहतो. जून २०२५ मध्ये मात्र केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेत ठेवण्याची योजना जाहीर केली. इथे प्रश्न वेगळा होतो. मागणीच्या शिखरवेळी वीजव्यवस्थेवर ताण येतो हे खरे असले, तरी विजेचे पूर्ण मोल देणाऱ्या कुटुंबाने आपल्या खोलीत किती गारवा ठेवावा हे यंत्रातच कायमचे बंदिस्त करण्यापेक्षा त्या वेळचा दर वाढवणे मला अधिक उचित वाटते.

अशा नियमाचा मसुदा हरकतींसाठी खुला झाल्यास ऊर्जा दक्षता ब्यूरोकडे (स्टार लेबलचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे) मुदतीत लेखी हरकत पाठवावी. तीत मसुद्याचा क्रमांक व ज्या तरतुदीला हरकत आहे ती नमूद करावी, वर काढलेला तासांचा व युनिटचा हिशेब जोडावा आणि बंदीऐवजी कोणता पर्याय हवा ते स्पष्ट लिहावे. पाठवल्याची पोच जपून ठेवावी.